खाडीकाठून अरबी समुद्र

ठाणे स्टेशनवर उतरणारा माणूस बेटावर उतरतो. कळव्याचा पूल ओलांडला की तो मुख्य भूमीवर जातो. शाळेत भूगोल शिकवताना मी हे सांगते, तेव्हा वर्गात दरवर्षी कुजबुज होते. मुलांच्या डोक्यात बेट म्हणजे नारळाची झाडं, पांढरी वाळू आणि जाहिरातीतलं निळं पाणी. साष्टी हे सहाशे चौरस किलोमीटरहून मोठं बेट आहे. ठाणं, मुलुंड, बोरिवली, वांद्रे, सगळं त्यावरच वसलंय. पण आपण बेटावर राहतो हे इथे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अरबी समुद्र समजून घ्यायला ठाण्यासारखी जागा नाही.

सोलापूरची माझी भाची सई भूगोलात एम.ए. करते आहे. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला जोडून शनिवार-रविवार आले, तेव्हा ती माझ्याकडे आली. तिला समुद्र बघायचा होता. मी म्हटलं, दाखवते, पण मरीन ड्राइव्हवरून नाही, खाडीकडून. पौष पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती, म्हणजे पाण्याला उधाण असणार होतं. खाडी बघायची तर अशाच दिवसांत बघावी. भरतीला पाणी तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, शेंड्यांपर्यंत चढतं आणि ओहोटीला तळ उघडा पडतो. भांगेच्या, म्हणजे भरती-ओहोटीत फारसा फरक नसलेल्या, दिवसांत यातलं काहीच धड दिसत नाही.

शुक्रवार : मुंब्रा, गायमुख

सकाळी लोकलने मुंब्र्याला उतरलो आणि मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढायला लागलो. चढ चांगलाच अंगावर येतो. अर्ध्या वाटेवर सई धापा टाकत कातळाला टेकली, तेव्हा तिला म्हटलं, आता हात ठेवलाच आहेस तर नीट बघ. काळाकरडा दगड, त्यात वाटाण्याएवढी भोकं आणि काही भोकांत पांढरे स्फटिक भरलेले. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांची ही भोकं. पुढे पाझरत्या पाण्याने त्यांत झिओलाइट नावाचं खनिज साचलं. सईने नखाने एक स्फटिक कोरून बघितला. तो निघाला नाही.

वर पोचल्यावर सगळा नकाशाच पायाशी उलगडतो. उल्हास नदी राजमाचीकडच्या डोंगरांतून निघते आणि कल्याणवरून इथवर येते. ठाण्याच्या उत्तरेला तिचं बहुतेक पाणी पश्चिमेकडे वळतं आणि घोडबंदरवरून वसईच्या खाडीने समुद्राला मिळतं. कळव्याच्या पुलांखालून मात्र एक अरुंद फाटा दक्षिणेला जातो, तीच ठाण्याची खाडी. पुढे ती रुंद होत होत मुंबई बंदरात उघडते. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला समुद्र, या तिघांनी घेरलेली साष्टी वरून स्पष्ट दिसते. १८५४ मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोचली ती याच खाडीवर पूल टाकून. आमच्या पायाखालच्या पारसिकच्या डोंगरातून १९१६ मध्ये बोगदा काढला, जलद लोकल २०२२ पर्यंत त्यातूनच जायच्या.

"मग हा डोंगर बेटावर की जमिनीवर?" सईने विचारलं.

"जमिनीवर. पण दगड दोन्हीकडे एकच आहे. आणि हाच दगड इथून खाली मालदीवपर्यंत गेलाय."

हे तिला पुस्तकातून माहीत होतं, पण कातळावर बसून ऐकताना ते वेगळंच वाटलं असावं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड हिंदी महासागरातल्या एका तप्त जागेवरून सरकत होता. तिथून उसळलेल्या लाव्ह्याने दख्खनचं पठार घडवलं. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, तप्त जागा मात्र होती तिथेच राहिली. शिलाई मशीनची सुई जागेवर असते आणि कापड पुढे सरकतं, तसं. त्या टाक्यांची रांग समुद्राच्या तळाशी अजून आहे. आधी लक्षद्वीप, मग मालदीव, मग छागोस. समुद्रतळ छेदून काढलेला मालदीवखालचा बेसाल्ट सुमारे ५.७ कोटी वर्षांचा निघाला आणि छागोसखालचा सुमारे ४.९ कोटींचा. जितकं दक्षिणेला जावं तितका दगड तरुण. रांगेच्या दुसऱ्या टोकाला मॉरिशस आहे आणि त्याच्याही पुढे रियुनियन. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी आजही लाव्हा ओकतो. मुंब्र्याहून ते ठिकाण साडेचार हजार किलोमीटरहून दूर आहे, आणि तरी मुंब्र्याचा कातळ आणि तिथला ताजा लाव्हा एकाच तप्त जागेतून आलेत. मी हे शेकडो वेळा शिकवलं असेल, तरी सांगताना अजूनही अंगावर काटा येतो.

दुपारी घरी जेवून वसईच्या खाडीकाठच्या गायमुखला गेलो. पाणी उतरायला लागलं होतं. घोडबंदरच्या किल्ल्यावरही धावती चक्कर मारली. अरबस्तानातून आलेले घोडे या बंदरात उतरायचे, त्यामुळे अरबी समुद्राच्या प्रवासात त्याला टाळणं बरं नव्हतं. पण सुट्टीची गर्दी एवढी होती की आम्ही तिथून लवकरच निघालो.

खरी मजा गायमुखच्या चिखलात होती. ओहोटी पुरती लागल्यावर काठावर तिवरांची श्वासमुळं उघडी पडली, पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी नाही तर अगदी वेडीवाकडी, काही वीतभर, काही बोटभर. चिखलात हवा नसते म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या. एक निवटी आमच्यापासून हातभर अंतरावर थांबली. डोक्यावर बटणासारखे बाहेर आलेले डोळे, गालांत पाणी भरलेलं, पुढच्या दोन परांवर अंग उचलून ती चिखलावर चालतच आली. मग तिने पाठीवरचा पर ताठ उभारला आणि दुसऱ्या निवटीला हुसकावलं. माशाने जमिनीवर येऊन भांडण केलेलं सईने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. अंधार पडला, डास फोडून काढायला लागले, तरी ती उठेना.

शनिवार : ऐरोली

ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोलीला गेलो, म्हणजे पुन्हा बेट सोडून मुख्य भूमीवर. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र इथे खाडीच्या काठावर आहे. तिथून रोहित पक्षी बघायला होड्या सुटतात. होडीची वेळ भरतीवर ठरते, कारण पाणी चढल्याशिवाय होडी चिखलावरून सुटतच नाही. त्या दिवशी भरती दुपारी होती, आम्ही पाणी चढत असतानाच निघालो.

खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य झाला, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. दोन्ही काठांवर उंच इमारती, वर विजेच्या तारा, आणि मधल्या चिखलावर गुलाबी पट्टा. होडीवाल्या दादांनी बरंच आधी इंजिन बंद केलं. "आवाज झाला की उरतात, ताई. आता गप बसा," असं म्हणून त्यांनी बांबूने होडी पुढे रेटली. आम्ही जवळ गेलो तसे पक्षी दिसायला लागले. लहान रोहितच जास्त होते. चोच उलटी करून ते पाण्यात घालतात, जिभेने पाणी आत ओढतात आणि चोचीच्या कडेच्या गाळणीतून बाहेर टाकतात. सूक्ष्म शेवाळ तेवढं मागे राहतं. त्याच शेवाळातल्या रंगद्रव्यांनी पिसं गुलाबी होतात. पिल्लं कच्छच्या रणाकडे वाढतात, हिवाळ्यात थवे इथे येतात. काही पक्षी अजून करडेच होते. दादा म्हणाले, ती यंदाची लहानगी.

परतताना सईने चांगला प्रश्न विचारला. "मावशी, समुद्र एकच आहे ना? मग लक्षद्वीपला प्रवाळ आणि इथे चिखल, असं का?"

उत्तर तिच्या हातात होतं. तिने खाडीचं पाणी ओंजळीत घेतलं होतं आणि त्यात तळहाताच्या रेषाही दिसत नव्हत्या. प्रवाळाला ऊब लागते, खारं पाणी लागतं, पण सगळ्यांत आधी उजेड लागतो. त्याच्या शरीरात राहणारं शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या पावसाळ्यात इतका गाळ आणि गोडं पाणी ओततात की किनाऱ्याजवळ प्रवाळाचं कडं उभं राहूच शकत नाही. लक्षद्वीप केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर दूर आहे. तिथे एकही नदी नाही, म्हणून पाणी स्वच्छ. आपल्या बाजूलाही किनारा सोडून आत गेलं की प्रवाळ आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं पठार आहे, त्यावर प्रवाळ वाढतं. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेली ती जागा पाण्याबाहेर आली असती तर आपलंही लक्षद्वीप झालं असतं.

संध्याकाळी घरी जमिनीवर समुद्राच्या खोलीचा नकाशा पसरला आणि जेवणाची वेळ टळून गेली. अरबी समुद्र सुमारे ३८ लाख चौरस किलोमीटर पसरलाय आणि त्याची खोली काही ठिकाणी साडेचार हजार मीटरच्याही पुढे जाते. पण आपल्या दारातला समुद्र अगदी उथळ आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत गेलं तरी मुंबई हाय या तेलक्षेत्राजवळ खोली ७५ मीटरच्या आसपासच भरते. भारताच्या पश्चिम किनाऱ्याची समुद्रबूड जमीन खंभातच्या आखाताबाहेर आणि मुंबईसमोर सगळ्यांत रुंद आहे.

लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटाची गोष्ट अगदी उलटी. काही वर्षांपूर्वी मी कोचीहून जहाजाने तिथे गेले होते. तिथे पाण्याचे दोन रंग सुरीने कापल्यासारखे वेगळे दिसतात. आतल्या खाजणाचं पाणी पोपटी, आणि प्रवाळाच्या कड्यापलीकडे एकदम गडद निळं. तिथे तळ अक्षरशः तुटतो. बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळाने कोट्यवधी वर्षं थरावर थर चढवलेत. डोंगर खाली बसत गेला आणि प्रवाळ उजेडासाठी वर वर बांधत राहिलं. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये हाच तर्क मांडला होता. हे खोल पाणी किनाऱ्याला इतकं लगटून आहे की २००५ पासून तिथल्या गोड्या पाण्याच्या प्रकल्पात त्याचाच वापर होतो. साडेतीनशे मीटर खोलीवरून थंड पाणी वर आणतात, वरचं कोमट पाणी कमी दाबात वाफ करतात आणि ती वाफ या थंड पाण्याने गार करून पिण्याचं पाणी मिळवतात. मुंबईत हेच करायचं म्हटलं तर नळी कित्येकशे किलोमीटर लांब टाकावी लागेल.

लक्षद्वीपची बेटं मोजायला ३६, माणसांची वस्ती फक्त १० बेटांवर आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. साष्टी त्याच्या एकोणीसपट तरी मोठी आहे. बहुतेक बेटं प्रवाळकड्याच्या पूर्वेच्या काठावर आहेत आणि खाजण पश्चिमेला, त्यामुळे पावसाळ्यातल्या लाटा आधी कड्यावर फुटतात. पराली-१ नावाचं एक बेट मात्र झिजून नाहीसं झालं. मालदीवची ११९२ बेटं तर याहून नाजूक, बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दीड मीटर वर.

नकाशावर एक रेघ सईला आधी दिसली नव्हती. कारवारजवळच्या सदाशिवगडावरून ती निघते आणि लक्षद्वीप-मालदीवच्या पश्चिम कडेने थेट अड्डू प्रवाळद्वीपापर्यंत उतरते. जलमापनशास्त्राच्या हिशेबात अरबी समुद्र त्या रेघेच्या पश्चिमेला. पूर्वेला तो लक्षद्वीप समुद्र. म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरून दिसतो तो काटेकोरपणे अरबी समुद्र नव्हेच. सईने वहीत हे दोनदा अधोरेखित केलं.

शेवटी पश्चिमेच्या टोकाला सोकोत्रावर आलो. हे बेट येमेनचं, पण आफ्रिकेच्या शिंगाजवळचं. ते ना प्रवाळाचं, ना ज्वालामुखीचं. अरबस्तानापासून तुटलेला भूखंडाचा तो तुकडा आहे. लाखो वर्षं एकटा राहिल्यामुळे तिथल्या सव्वाआठशेच्या आसपास वनस्पतींपैकी ३७ टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. छत्रीसारखं पसरणारं आणि कापलं की लाल डिंक गाळणारं रक्तवृक्षाचं झाड तिथलंच. सेशेल्स हाही तुटलेलाच तुकडा. सहा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत तो भारताला चिकटून होता, मधला समुद्र उघडला आणि तो तिकडेच राहिला. त्या ताणाची खूण आपल्या दारात आहे. घाटावर लाव्ह्याचे थर सपाट दिसतात, पण पनवेलच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेत.

रविवार : उरण, मोरा

उरणची लोकल दोनच आठवड्यांपूर्वी सुरू झाली होती. त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. ठाण्याहून नेरूळ आणि नेरूळहून उरण, असा प्रवास. खारकोपर मागे पडलं की खिडकीबाहेर खाड्या, कांदळवन आणि मिठागरं सुरू होतात. अरबी समुद्रावर जेवढा पाऊस पडतो, त्यापेक्षा जास्त पाण्याची वाफ होते. म्हणून तो बंगालच्या उपसागराहून खारट, आणि या काठावर पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलं. आता मिठागरांच्या जागी कंटेनरची गोदामं उभी राहताहेत. न्हावा आणि शेवा ही कोळी-आगऱ्यांची गावं. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं आणि आता न्हावाशेवा म्हटलं की लोकांना फक्त क्रेन आठवतात. त्या गावांनी जमीन दिली, हे खिडकीतून बघणाऱ्याला कुणी सांगत नाही. म्हणून मी सईला सांगितलं.

उरण हेही जुनं बेटच. पूर्वी करंजा नावाने ओळखलं जायचं. खाड्या भरत गेल्या, बांध पडले आणि ते जमिनीला जोडलं गेलं. रिक्षाने आम्ही मोऱ्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. समोर उत्तरेला घारापुरीचा हिरवा डोंगर. पोटात बेसाल्ट कोरून घडवलेली लेणी असलेलं ते बेट १९८७ पासून जागतिक वारसा आहे, पण तिथल्या तीन गावांत वीज मात्र २०१८ मध्ये पोचली, समुद्राच्या तळातून टाकलेल्या केबलने. त्याच्या डावीकडे तेलाची जहाजं लागलेलं जवाहर द्वीप आणि पश्चिमेला धुरकट मुंबई.

"ही सगळी बेटं म्हणजे बुडालेल्या टेकड्या ना?" सई आता विचारत नव्हती, सांगत होती. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होती. तेव्हा इथे खाडी नव्हती, बंदर नव्हतं, बेट तर एकही नव्हतं. मुंबई हायच्या जागीसुद्धा कोरडी जमीन होती आणि माणूस पायी तिकडे जाऊ शकला असता. बर्फ वितळलं, पाणी आत आलं, आणि टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले. घारापुरी, तुर्भे (ट्रॉम्बे), साष्टी, उरण ही सगळी त्याच वेळची. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने मुंबई हायला तेल शोधलं. तिथून समुद्रातून येणारी नळी इथेच, उरणला किनाऱ्यावर येते.

धक्क्यावर भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच लागत नव्हती. ओहोटी नुकतीच संपली होती आणि बंदरात गाळ इतका की पाणी पुरेसं चढेपर्यंत लाँच जवळ येऊ शकत नाही. जाळी दुरुस्त करत बसलेल्या एका काकांना सईने विचारलं, किती वेळ लागेल?

"दहा वाजंस्तोवर पानी होईल. उधान हाय, लवकर भरंल." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "कुठून आल्याव?"

"सोलापूरहून."

"मग हा गाल तुमच्याच तिकरचा," असं म्हणून ते मनापासून हसले. तसं सोलापूरचं पाणी भीमेतून बंगालच्या उपसागराला जातं. सईने त्यांना हे आदराने, सविस्तर समजावलं, आणि काकांनीही जाळं बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी त्यांचा भूगोल सांगितला. जानेवारीत वारा जमिनीकडून येतो, समुद्र सपाट असतो, होड्या लांबवर जातात. जूनला वारा फिरतो, आणि १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत बंदी असते, होड्या वर ओढून ठेवतात. याच फिरत्या वाऱ्यांवर जुनी जहाजं अरबस्तान-आफ्रिकेतून ठाण्याच्या आणि चौलच्या बंदरांत यायची, वारा उलटला की परतायची. काकांना तारखा लागत नव्हत्या. वारा अंगाला लागला की कळतं, म्हणाले.

धक्क्याखालचा चिखल सईने बोटांवर घेतला. उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्यांनी सह्याद्रीतून झिजवून आणलेला तो बेसाल्टच. शुक्रवारी मुंब्र्याला नखाने निघाला नव्हता, इथे पीठ होऊन लाँच अडवून बसला होता.

दहाच्या सुमारास लाँच लागली. आम्हाला मुंबईला जायचं नव्हतं, तरी सई म्हणाली, "मावशी, जाऊन येऊ या का? पाण्यातून घारापुरी कशी दिसते बघू." भरती दुपारपर्यंत होती, म्हणजे परतीची लाँचही मिळणार होती. तिकिटं काढली आणि चढलो.